जितका वारा मोठा, तितके शीड लहान

मे महिना सरत आला की फैजपूर-सावद्याचा केळी उत्पादक आभाळापेक्षा वाऱ्याचा अंदाज जास्त घेतो. दिवसभर ऊन रखरखते, दुपार कलली की ढग दाटतात, आणि पंधरा-वीस मिनिटांच्या वादळात रावेर-यावल पट्ट्यातली एखादी बाग आडवी होते. निसवलेले, घड लागलेले झाड आधी जाते, कारण वर वजन असते आणि त्यावर शिडासारखी पसरलेली पाने. ज्या पानाच्या वाऱ्याने चिरफाळ्या होऊन झालरी झालेल्या असतात, ते वाऱ्याला वाट देते. अखंड पान वारा अडवते आणि त्याची किंमत बुंधा मोजतो. म्हणून तर बागेभोवती शेवरी लावायची आणि घडाच्या झाडाला टेकू द्यायचा.

अशा वादळात वारा ताशी ७० किलोमीटरने वाहत असेल, तर दर्यावर्दी लोकांच्या मापात तो झाला सुमारे ३८ नॉट. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. नेमका इतकाच वारा सुटावा म्हणून दिवसचे दिवस किनाऱ्यावर वाट पाहणारे लोक जगात आहेत. ते पायाखाली एक फळी घेतात, हातात शीड धरतात, समोरून येणाऱ्या लाटेवर धावून जातात आणि तिच्या माथ्यावरून दोन-तीन मजली घराच्या उंचीएवढे हवेत उडतात. या खेळाचे नाव विंडसर्फिंग.

फैजपूरची ओळख केळीची, आणि डिसेंबर १९३६ मध्ये भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या ग्रामीण अधिवेशनाची. समुद्र इथून सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटर लांब. तरीही या उडीचे शास्त्र इथल्या माणसाला परके वाटू नये. मोठ्या वाऱ्यात किती पान उघडे ठेवायचे, हाच तिचाही मूळ प्रश्न आहे.

फळी, शीड आणि एक सांधा

होडीची डोलकाठी तळाशी घट्ट रोवलेली असते. विंडसर्फिंगच्या फळीवर ती रोवलेली नसते. फळी आणि काठी यांच्यामध्ये चारी बाजूंना वळणारा एक सांधा असतो. माणसाने हात सोडला की शीड पाण्यात पडते. हातात धरले की माणूस, काठी आणि शीड मिळून एक यंत्र तयार होते. त्याला सुकाणू नाही. शीड पुढे कलवले की फळीचे तोंड वाऱ्यापासून दूर वळते, मागे कलवले की वाऱ्याकडे येते.

या सांध्यावरून बरीच भांडणे झाली. अमेरिकेत न्यूमन डार्बी यांनी १९६५ मध्ये हातात धरायच्या शिडाच्या फळीचा आराखडा छापून प्रसिद्ध केला होता. पुढे कॅलिफोर्नियातले विमान-अभियंता जिम ड्रेक आणि त्यांचे मित्र होयल श्वाइट्झर यांनी १९६८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, आणि खेळ जगभर पसरला तो त्यांच्या फळीमुळे. इंग्लंडच्या न्यायालयात मात्र पीटर चिल्व्हर्स या गृहस्थांनी १९५८ सालीच, लहान असताना, अशी फळी चालवल्याचा दाखला पुढे आला. श्रेय कोणाचेही असो, उडीच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की या सांध्यामुळे शीड हवेत आडवे करता येते. रोवलेल्या काठीच्या होडीला ते कधीच जमणार नाही.

सुरुवातीची ती फळी १२ फूट लांब आणि अंगाने जड होती. तिच्यावर संथ पाण्यात फेरफटका मारावा एवढीच अपेक्षा. उडी ही नंतरची गोष्ट, आणि ती सामान बदलल्यामुळे शक्य झाली.

शीड ओढते कसे

वारा शिडाला मागून ढकलतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. वारा बाजूने येत असतो तेव्हा शीड त्याची दिशा वळवते. हवा एका बाजूला वळली की शीड दुसऱ्या बाजूला ओढले जाते. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेल परिसरात डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या फिरताना दिसतात, त्यांची पाती याच तत्त्वावर फिरतात. पात्याचा आडवा छेद घेतला तर एक बाजू जास्त फुगीर दिसते. विंडसर्फिंगच्या शिडालाही आतल्या पट्ट्या तसाच फुगवटा देतात.

फळी वेग घेऊ लागली की एक बदल होतो. कमी वेगात ती पाणी बाजूला सारत जाते. वेग वाढला की ती पाण्यावर चढते आणि फक्त मागच्या भागावर टेकून घसरू लागते. नदीकाठी चपटा दगड तिरका फेकला की तो टप्पे घेत जातो, तसे. खेळाडू याला प्लेनिंग म्हणतात. प्लेनिंग नाही तर उडी नाही, कारण उडीचे सगळे भांडवल हा वेगच आहे.

उंचीचा हिशेब

समजा, फळी २५ नॉट वेगाने चालली आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे १३ मीटर. हा सगळा वेग जादूने सरळ वर वळवता आला तर किती उंच जाता येईल? शाळेतले सूत्र लावायचे. वेगाचा वर्ग १६९, त्याला गुरुत्वत्वरणाच्या दुपटीने, म्हणजे सुमारे २० ने भागले की आठ-साडेआठ मीटर येतात. पण सगळा वेग वर वळत नाही. ४५ अंशांच्या उतारावरून सुटले तर वरच्या दिशेला सेकंदाला नऊ मीटरच मिळतात आणि उंची निम्मी, चार-सव्वाचार मीटर.

इथे लाट मदतीला येते. ती जागच्या जागी उभी असलेली घसरगुंडी नाही, ती खेळाडूकडे धावत येत असते. तिचा वेग सेकंदाला पाच मीटर धरला आणि खेळाडू तिच्यावर समोरून गेला, तर तिच्या तुलनेत त्याचा वेग १३ ऐवजी १८ मीटर होतो. मग तोच ४५ अंशांचा चढ माथ्यावर सात-आठ मीटर उंचीची ताकद देऊ शकतो. प्रत्यक्षात खेळाडू लाटेला थोडा तिरका भिडतो, पाण्याशी घर्षण होते, त्यामुळे एवढे हाती लागत नाही. पण यावरून जाणकार खेळाडू लाट निवडण्यात इतका वेळ का घालवतात ते कळते. फुटून गेलेली लाट नुसता फेस असते, आणि न उठलेली लाट नुसता उंचवटा. हवी असते ती फुटण्याच्या बेतात असलेली, छाती काढून उभी राहिलेली लाट. ती त्या रूपात दोन-तीन सेकंदच असते.

तिसरा वाटा वाऱ्याचा. ३८-४० नॉटच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण २५ किलो वजनाएवढा भरतो. चार चौरस मीटरच्या शिडावर हा हिशेब १०० किलोच्या घरात जातो. माणूस, फळी आणि शीड यांचे एकत्रित वजनही जवळपास तेवढेच. म्हणून लाटेवरून सुटल्यावर खेळाडूने शीड डोक्यावर छपरासारखे कलते धरले आणि फळीचे नाक वर करून तिचा तळही वाऱ्याला दाखवला, तर काही क्षण वारा त्याला पेलतो. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्या पोराला हे सांगावे लागत नाही. पतंग उभा धरला तर नुसता मागे रेटला जातो आणि योग्य कोनात कलला की चढतो. उडी मारणाऱ्याला तो कोन अंगानेच जमवावा लागतो. मागचा पाय पोटाशी ओढायचा, पुढच्या पायाने फळीची वाऱ्याकडची कड उचलायची आणि मागच्या हाताने शीड आवळून धरायचे. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच.

उंचीला असे तीन धनी आहेत: वेग, लाट आणि वारा. सामान त्या तिघांपैकी एकही नाही. मग सामानाचे काम काय?

दुप्पट वारा, पाव शीड

नव्या माणसाला वाटते, मोठे शीड म्हणजे जास्त ओढ आणि जास्त ओढ म्हणजे जास्त उंची. मोठ्या वाऱ्यात याच्या उलट घडते.

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. १० नॉटचा वारा २० नॉट झाला की जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. ४० नॉट झाला की सोळापट. माणसाचे वजन आणि हातांची ताकद मात्र तीच राहते. म्हणून वारा दुप्पट झाला तर तेवढीच ओढ ठेवायला शीड पाव करावे लागते. व्यवहारात गणित इतके काटेकोर राहत नाही, पण दिशा तीच. ८० किलोचा माणूस मध्यम वाऱ्यात साडेपाच-सहा चौरस मीटरचे शीड वापरत असेल, तर वादळी वाऱ्यात तो चारच्या खाली येतो.

लहान शिडाचे फायदे केवळ ओढीपुरते नाहीत. त्याचा दाबाचा मध्य खाली, छातीजवळ येतो, त्यामुळे झोत आला तरी माणूस पुढे उलथत नाही. ते वजनाने हलके असल्याने हवेत चटकन फिरवता येते. आणि शीड आवाक्यात आहे अशी खात्री असेल तरच खेळाडू लाटेवर पूर्ण वेगाने जातो. हा शेवटचा फायदा कागदावर मोजता येत नाही, पण उंचीवर त्याचा परिणाम सगळ्यात मोठा. आवाक्याबाहेरचे शीड हातात असलेला माणूस लाट जवळ येताच नकळत शीड सैल सोडतो. वेग तिथेच मरतो आणि उडी गुडघाभर होते.

लाटांवरच्या शिडाची घडणही याच हेतूने वेगळी असते. काठीलगतची कड दोरीने खाली जोरात ताणली की काठी वाकते आणि वरच्या टोकाकडची मागची कड सैल पडते. झोत आला की ती कड उघडते आणि जादा वारा निसटू देते. फाटलेल्या केळीच्या पानाचेच हे काम, फरक इतकाच की पान ते नाइलाजाने करते आणि इथे ते मुद्दाम घडवलेले असते. साक्रीच्या पवनचक्क्याही तेच करतात. वारा मर्यादेबाहेर गेला की पाती आपल्या आसाभोवती वळतात आणि वाऱ्याला कडेने जाऊ देतात. सुमारे ताशी ९० किलोमीटरला आधुनिक पवनचक्की फिरणेच थांबवते. जास्त वाऱ्यात जास्त वीज काढायला जाणारी पवनचक्की टिकत नाही.

उभे राहिले की बुडणारी फळी

शिडाचा नियम फळीलाही लागू होतो. फळीचा आकार लिटरमध्ये सांगतात. १०० लिटरची फळी पूर्ण बुडाली की १०० लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे सुमारे १०० किलो वजन तोलते. शिकाऊ माणसाची फळी २०० लिटरच्या आसपास असते. तिच्यावर उभे राहून गप्पा मारता येतात. उंच उडी मारणाऱ्या ८० किलोच्या खेळाडूची फळी असते ७५ ते ९० लिटरची. माणूस ८०, फळी सहा-सात आणि शीड-काठीचे आठेक किलो मिळून ९५ किलो होतात. म्हणजे थांबले की ही फळी पायाखाली बुडते. पाण्यात पडल्यावर शीड वाऱ्याला दाखवायचे, त्याच्या ओढीने स्वतःला पाण्याबाहेर काढून घ्यायचे आणि लगेच वेग घ्यायचा, याखेरीज गत्यंतर नाही.

इतकी गैरसोय कशासाठी? कारण हवेत गेल्यावर फळी हेही एक पान आहे. साडेतीन मीटर लांबीची रुंद फळी ४० नॉटच्या वाऱ्यात पायातून हिसकली जाते किंवा माणसाला घेऊन उलटते. सव्वादोन मीटर लांब आणि पंचावन्न-साठ सेंटीमीटर रुंद फळी पायांना दाद देते. शिवाय खवळलेल्या पाण्यावर मोठी फळी आदळत, उसळत जाते आणि लाटेपर्यंत पोहोचेस्तोवर वेग गमावते. लहान फळी पाण्याला चिकटून धावते. पण याला मर्यादा आहे. फार लहान फळी प्लेनिंगवर यायला वेळ घेते, आणि दोन लाटांच्या मधल्या जागेत वेग मिळालाच नाही तर उडीचा प्रश्नच येत नाही. म्हणून नियम ‘सगळ्यात लहान’ असा नाही. ‘प्लेनिंग तुटणार नाही इतपत लहान’ असा आहे.

पट्टे, काठी आणि फिन

फळीवरून पहिल्यांदा उडी मारणाऱ्यांना एक साधी अडचण आली. माणूस वर जायचा, फळी खालीच राहायची. ती सोडवली हवाईतल्या कैलुआच्या पोरांनी. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लॅरी स्टॅनली आणि त्याच्या सोबत्यांनी फळीवर पायांसाठी पट्टे बसवले. पायताणाच्या पट्ट्यासारखी ही गोष्ट, पण तिच्याशिवाय हा खेळ लाटांवर चढला नसता. पट्टे आल्यावर फळी हवेत पायांनी वळवता येऊ लागली, आणि पाय जागेवर राहतात म्हटल्यावर फळी आखूड करण्याची वाटही मोकळी झाली. याच कैलुआत वाढलेला रॉबी नेश १९७६ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, जगज्जेता झाला आणि पुढे लाटांवरच्या विंडसर्फिंगचा चेहरा बनला.

पट्टे किती सैल ठेवायचे यावर घोटा अवलंबून असतो. फक्त बोटे अडकली तर हवेत पाय सुटतो. पाऊल टाचेपर्यंत आत गेले तर पडताना ते सुटत नाही आणि घोटा मुरगळतो. चवड्याच्या मागचा उंचवटा आत जाईल इतपत पट्टा ठीक मानतात.

काठी पूर्वी जाड आणि जड असायची. आता ती कार्बन धाग्यांची, पोकळ आणि मुठीत मावेल इतकी बारीक असते. ३७० किंवा ४०० सेंटीमीटर लांबीच्या काठीचे वजन दोन किलोच्या आत-बाहेर. टोकाकडचे शंभर ग्रॅम वाचले तरी हवेत शीड फिरवताना ते हातांना कळते. ओला गोणपाट काठीच्या टोकाला बांधून हवेत फिरवून पाहावा, म्हणजे टोकाचे वजन काय असते ते समजते.

काठीचा सांधा फळीवर थोडा पुढे-मागे सरकवता येतो. मागे घेतला की फळीचे नाक हलके होते आणि ती पाणी लवकर सोडते. पुढे घेतला की नाक दाबले जाते आणि वादळी पाण्यात फळी ताब्यात राहते. दोन-तीन सेंटीमीटरचा हा फेरफार नवख्याला जाणवत नाही, मुरलेल्याला लगेच जाणवतो. शीड धरायची दांडी, म्हणजे बूम, हिचेही तसेच. ती उंच लावली की शरीराचे वजन टांगायला सोयीचे, खाली लावली की खवळलेल्या पाण्यात नियंत्रण सोपे.

फळीच्या तळाशी शेपटाकडे असते फिन, माशाच्या पराच्या आकाराची. ती नसेल तर फळी वाऱ्यासोबत आडवी वाहून जाईल. उडीच्या क्षणी मागच्या पायाने दाब देताना हीच फिन पाण्यात पाय रोवायला आधार देते. एकच मोठी फिन असली तर तो आधार भक्कम मिळतो. लाटेवर वळणे घेण्यासाठी तीन-चार लहान फिना सोयीच्या पडतात. त्यामुळे उडीही हवी आणि वळणही हवे असणारा खेळाडू कायम या दोहोंत तडजोड करत असतो.

खाली येणे

वर जाणे ही अर्धीच उडी. दहा मीटरवरून वस्तू नुसती पडली तर तिला खाली यायला जवळपास दीड सेकंद लागतो आणि टेकताना तिचा वेग ताशी ५० किलोमीटर असतो. इतक्या वेगाला पाणी मऊ राहत नाही. फळीचा पूर्ण तळ एकदम सपाट आपटला तर फळी मधून मोडते किंवा गुडघे-घोटे धक्का खातात. म्हणून उतरताना शीड पुन्हा उघडून त्यावर हवा धरायची, म्हणजे ते छत्रीसारखे वेग कमी करते, आणि शेपूट आधी पाण्यात घालायचे. शेपूट पाणी कापत आत जाते, धक्का काही क्षणांवर पसरतो. विहिरीत सूर मारणारा आणि पोटावर आपटणारा यांच्यातला फरक तोच.

फळीच्या बांधणीतली खरी कसोटी इथे लागते. आत हलका फेस, त्यावर टणक फेसाचा पातळ थर आणि बाहेरून कार्बन किंवा काचतंतूंचे कापड राळेत बसवलेले, असे तिचे अंग असते. ती हलकी करत गेले तर मोडते, मजबूत करत गेले तर जड होते. शर्यतीच्या फळ्यांपेक्षा उडीच्या फळ्यांवर म्हणूनच जास्त थर चढवतात, विशेषतः टाचांखाली आणि नाकापाशी. उंच उडणारे अनेक जण शिडाची ओढ अंगावर घेणारा कमरेच्या पट्ट्याचा आकडा उडीआधी बूमच्या दोरीतून सोडवतात. चूक झाली तर शीड सोडून देऊन वेगळे पडता यावे, ही त्यामागची अक्कल.

पोझोचे व्यापारी वारे

भूगोलाच्या पुस्तकातले व्यापारी वारे आठवत असतील. अटलांटिक महासागरात कॅनरी बेटांवर ते उन्हाळ्यात सतत वाहतात, आणि ग्रॅन कॅनरिया बेटाच्या किनाऱ्यावर पोझो इझक्विएर्दो या गावी त्यांना विशेष जोर चढतो. वारा किनाऱ्याला जवळपास समांतर, लाटा समोरून. उडीसाठी याहून चांगली मांडणी नाही, म्हणून जागतिक स्पर्धांतल्या सर्वांत उंच उड्यांशी पोझोचे नाव जोडलेले आहे. १९९४ मध्ये जन्मलेला जर्मन खेळाडू फिलिप क्योस्टर याच बेटावर वाढला आणि २०११ मध्ये लाटांवरच्या प्रकाराचा जगज्जेता झाला. हवेत शिडासकट पुढच्या दिशेने दोन कोलांट्या मारणे ही त्याची ओळख. कोलांट्यांची ही परंपरा इटलीच्या चेझारे कांतागाल्ली यांच्यापर्यंत मागे जाते. त्यांच्या नावाच्या उच्चारावरूनच एका कोलांटीला ‘चीज रोल’ हे गमतीचे नाव पडले.

उंचीचीच तुलना करायची तर पतंगाच्या दोरीने ओढले जाणारे काइटसर्फर विंडसर्फरांच्या कितीतरी पुढे आहेत. ते ३० मीटरच्याही वर जातात. कारण सरळ आहे. त्यांचे शीड २० मीटरहून लांब दोऱ्यांवर डोक्यावर असते आणि ओढ सरळ वरच्या दिशेने लागते. विंडसर्फरचे शीड पायाखालच्या फळीशीच जोडलेले. त्यामुळे त्याची उडी दहा-बारा मीटरच्या आसपास थबकते, पण ती वेग, लाट आणि वारा जुळवून मिळवलेली असते.

आपल्या पाण्यावर

आपल्या ७२० किलोमीटरच्या कोकण किनाऱ्यावर अशा उड्या का दिसत नाहीत? हिवाळ्या-उन्हाळ्यात दुपारी खारे वारे सुटतात, पण ते बहुधा १०-१५ नॉटचे. लाटाही मवाळ. शिकायला ही स्थिती उत्तम, उडायला अपुरी. पावसाळ्यात वारा आणि लाटा दोन्ही येतात, पण नैर्ऋत्येचा हा वारा उत्तर-दक्षिण पसरलेल्या किनाऱ्यावर जवळपास समोरून आदळतो. शीड वाऱ्याच्या तोंडात थेट जाऊ शकत नाही, त्यामुळे किनाऱ्यावरून बाहेर पडणेच अवघड. पोझोला जो वारा बाजूने मिळतो तो आपल्याला तोंडावर मिळतो. त्यात फुटणाऱ्या लाटांचा पट्टा रुंद आणि पाणी गढूळ. या दिवसांत जलक्रीडा बंद ठेवतात ते उगाच नव्हे.

म्हणून आपल्याकडे विंडसर्फिंग वाढले ते शर्यतीच्या अंगाने. गोव्याचे भाऊ-बहीण डेन आणि कात्या कुएलो यांनी आरएस:एक्स या शर्यतीच्या प्रकारात देशाचे प्रतिनिधित्व केले. आणि खानदेशातून सगळ्यात जवळचे केंद्र समुद्रकाठी नाही. भुसावळहून रावेर, बऱ्हाणपूर, खंडवा, इटारसी करत गाडी भोपाळला पोहोचते. तिथल्या मोठ्या तलावावर शिडांचे प्रशिक्षण चालते. भोपाळच्याच इबाद अलीने सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आरएस:एक्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. समुद्र नसलेल्या शहरातल्या मुलाचे हे पदक.

त्याचे सामान आणि उडीचे सामान शेजारी ठेवून पाहावे. आरएस:एक्सची फळी २८६ सेंटीमीटर लांब, ९३ रुंद आणि वजनाला साडेपंधरा किलो. पुरुषांचे शीड साडेनऊ चौरस मीटर, फिन ६६ सेंटीमीटर खोल. म्हणजे शीड उडीच्या शिडाच्या दुपटीहून मोठे आणि फिन तिप्पट. हलक्या वाऱ्यातही शर्यत व्हायला हवी, म्हणून हा पसारा. शिवाय सगळ्यांना एकच सामान सक्तीचे, म्हणजे फरक उरतो तो माणसात. उडीच्या स्पर्धेत उलट आहे. खेळाडू किनाऱ्यावर तीन-चार शिडे आणि दोन-तीन फळ्या मांडून बसतो आणि वारा पाहून निवडतो. निवड चुकली की उडीही चुकली. ती निवड हाच तिथे कौशल्याचा एक भाग.

तलावावर लाट नसली तरी उडीची तालीम होते. तिला चॉप हॉप म्हणतात. वाऱ्याने उठलेल्या वीत-दीड वीत लहरीवरून, मागच्या पायाचा झटका आणि फिनचा आधार घेऊन फळी पाण्याबाहेर काढायची. उंची गुडघ्याएवढी ते कमरेएवढी. पण पाय ओढणे, शीड आवळणे, शेपटावर उतरणे हे सगळे तिच्यात आहे. मोठ्या लाटांवरच्या खेळाडूंनीही सुरुवात अशीच केलेली असते.

हे वाचून एखाद्याच्या मनात हतनूर येईल. ४१ दरवाज्यांच्या त्या धरणामागे तापीचे पाणी ऐसपैस पसरलेले असते. पण काठच्या झाडांमुळे आणि उंचवट्यांमुळे बंद पाण्यावर वारा तुटक, झोतांनी येतो, आणि वळवाच्या वादळात तर त्याची दिशाही मिनिटामिनिटाला फिरते. बचावाची नाव, जाकीट आणि शिकवणारा माणूस नसताना धरणाच्या पाण्यात उतरणे हा खेळ नव्हे. ज्या घरच्या मुला-मुलींना ओढ आहे, त्यांना आधी पोहायला शिकवावे आणि मग भोपाळ किंवा गोव्याची वाट धरू द्यावी.

तिथे गेल्यावर पहिल्या दिवशी त्यांच्या पायाखाली २०० लिटरची दणकट फळी येईल. काही वर्षांनी हात तयार झाला की ती १२० वर येईल, मग १०० वर. उंच उडणाऱ्यांची फळी ८० लिटरची असते आणि ती उभे राहिले की बुडते.